जर्मनीत गेल्यावर भाषा शिकू, हे आता चालत नाही. नियम कसे बदलले आणि बुलढाण्यातल्या तरुणांनी काय तपासावं?

चार महिन्यांत बी-२, लगेच जर्मनीत नोकरी, पगार लाखांत. या धाटणीच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये तुम्हीही पाहिल्या असतील. आयटीआय झालेले, नर्सिंग केलेले, इंजिनीअरिंग करून दोन वर्षं घरी बसलेले असे सगळेच या जाहिरातींचे गिऱ्हाईक. पगार किती, व्हिसा कधी, हे सगळे विचारतात. ‘बी-२’ म्हणजे काय आणि ते चार महिन्यांत होतं का, हे फार कमी जण विचारतात. आणि अनेकांचा प्रवास तिथेच अडकतो.

गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. नव्याने आलेल्या माणसाला आपली भाषा शिकवणं हे काम बाहेरून माणसं घेणारे देश आधी स्वतःकडे ठेवत होते. आता त्याचा मोठा भाग विमानात बसण्याआधीच उरकावा लागतो. म्हणजे स्टुटगार्टमधला वर्ग हळूहळू चिखली, खामगाव, मेहकरकडे सरकतो आहे. वर्ग सरकला की फीसुद्धा सरकते, आणि मास्तर कसा आहे हे तपासायची जबाबदारीही.

आधी कसं होतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला कारखान्यांसाठी माणसं हवी होती. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. हे कामगार काही वर्षं राबून परत जातील असं गृहीत होतं, त्यामुळे त्यांना जर्मन शिकवायची गरज सरकारला वाटली नाही. १९७३ मध्ये भरती थांबली, पण लाखो लोक तिथेच राहिले. मुलं तिथल्या शाळेत गेली आणि आईवडील मात्र दवाखान्यात मुलांना दुभाषी म्हणून नेत राहिले.

ही चूक कायद्याने दुरुस्त व्हायला २००५ साल उजाडलं. १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या स्थलांतर कायद्याने ‘इंटिग्रेशन कोर्स’ आणला. आज त्याचा नेहमीचा आराखडा ७०० तासांचा आहे. त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचे कायदे, इतिहास, समाज यांची ओळख. एक तास म्हणजे ४५ मिनिटं, आपल्या शाळेच्या तासिकेसारखाच. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला तिथे ‘बाम्फ’ म्हणतात.

युक्रेन युद्धानंतर या वर्गांवर मोठा ताण आला. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत तीन लाखांहून जास्त नवे विद्यार्थी दाखल झाले, खर्चाचा आकडा वाढला आणि मग कात्री आली. २०२४ च्या अखेरीस नियम बदलले. शेवटच्या परीक्षेत बी-१ पर्यंत न पोचलेल्यांना पूर्वी ३०० तास पुन्हा बसता यायचं, ती सोय सर्वसाधारण वर्गातल्यांसाठी काढून घेतली गेली.

सगळेच देश असं करत आहेत असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात नवागतांना ५१० तास मोफत इंग्रजी शिकवलं जायचं. २०२१ मध्ये त्यांनी ती तासांची मर्यादाच काढून टाकली. नेदरलँड्सने २०२२ पासून वर्गांची जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे दिली, पण अपेक्षित पातळी ए-२ वरून बी-१ केली. जर्मनीचा मामला आपल्या जास्त जवळचा, कारण महाराष्ट्र सरकारने करारच तिथल्या एका राज्याशी केला आहे.

महाराष्ट्राचा करार काय आहे?

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य यांच्यात सामंजस्य करार झाला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे ओळख जुनीच. त्याच वर्षी जुलैमध्ये शासन निर्णय निघाला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल तरुणांना पाठवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, रंगारी, स्वयंपाकी, वेटर, बस आणि ट्रकचालक अशा कामांची यादी त्यात होती.

या प्रकल्पात भाषा शिकवण्याचं काम कौशल्य विकास विभागाऐवजी शालेय शिक्षण विभागाकडे आलं. राज्य पातळीवर एससीईआरटी आणि जिल्ह्यात ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. भाषा प्रशिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचं ठरवलं. आपल्याकडे बुलढाण्याचं डाएट शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ओळखलं जातं. त्यामुळे जर्मनीला जायचंय म्हणून चौकशी करायची तर डाएटमध्ये, हे बऱ्याच घरांत ऐकूनही माहीत नसतं. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी पहिला फोन तिथे करा. सरकारी योजनेत नाव असल्याचं सांगून कोणी नोंदणी फी मागत असेल, तर तीही गोष्ट तिथेच पडताळता येईल.

कोणाला किती जर्मन लागतं?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगणं, बसचं तिकीट काढणं. बी-१ ला रोजचे व्यवहार बऱ्यापैकी निभावतात. बी-२ ला माणूस कामाच्या ठिकाणी बोलू, वाचू, लिहू शकतो आणि मतभेदही मांडू शकतो. प्रत्येकाला सगळं लागत नाही. जाहिराती नेमकी हीच गोष्ट झाकतात.

नर्सिंग केलेल्यांना नोंदणीकृत परिचारिका म्हणून मान्यता हवी तर साधारण बी-२ लागतं. ही अट जाचक वाटली तरी मला ती बरोबर वाटते. पेशंट छातीत ‘चमक’ मारते म्हणतो की ‘जड’ वाटतं म्हणतो, यावर पुढचे उपचार ठरतात. आउसबिल्डुंग म्हणजे कंपनीत काम करत करत घ्यायचं दोन-तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण. तिथे सर्वसाधारणपणे बी-१ मागतात. बारावी झालेल्या मुलामुलींसाठी हा रस्ता आहे आणि शिकताना विद्यावेतनही मिळतं.

आयटीआयवाल्यांसाठी १ मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ नावाचा नवा मार्ग खुला झाला. आधी नोकरीचा करार, ए-२ जर्मन, मग तिथे जाऊन पदवीची मान्यता मिळवायची. पण यात एक मेख आहे. शिक्षण किमान दोन वर्षांचं आणि सरकारमान्य हवं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. त्यामुळे एकाच आयटीआयमधल्या दोन मित्रांपैकी एकाला हा मार्ग खुला आणि दुसऱ्याला बंद असू शकतो. क्लासवाला दोघांकडूनही सारखीच फी घेईल.

शेगावच्या किंवा कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडून आयटीत गेलेल्यांचं गणित वेगळं आहे. ‘ब्लू कार्ड’साठी व्हिसाच्या पातळीवर जर्मन लागत नाही, पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी लागते. आयटीचा पुरेसा अनुभव असेल तर पदवी नसलेल्यांनाही २०२३ च्या अखेरीपासून हा मार्ग खुला आहे. नोकरी शोधायला जायचं असेल तर १ जून २०२४ पासून ‘ऑपॉर्च्युनिटी कार्ड’ आहे. त्यासाठी किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी हवं. त्यात गुण मोजतात: बी-२ जर्मनला ३, बी-१ ला २, ए-२ ला १. शिवाय वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागतो, आणि शेतकरी घरातला मुलगा बऱ्याचदा भाषेपेक्षा तिथेच थांबतो.

लग्नानंतर नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाणाऱ्यांना २००७ पासून सर्वसाधारणपणे ए-१ लागतं. जोडीदार ब्लू कार्डवर असेल तर सूट आहे.

हे सगळं आत्ताच का? ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा केली. दार मोठं झालं, तशी दाराबाहेर उभं राहून पावत्या फाडणाऱ्यांची संख्याही वाढली.

चार महिन्यांत बी-२: जरा गणित करून पाहू

जर्मन भाषेची सर्वात ओळखीची परीक्षा घेणारी संस्था म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट. भारतात तिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात आणि महाराष्ट्रात ती मुंबई व पुण्यात आहे. तिच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ पर्यंत ६०० ते ८००. एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे बी-२ साठी घड्याळाचे ४५० ते ६०० तास.

आठवड्याला सहा दिवस धरले तर चार महिन्यांत साधारण १०४ दिवस मिळतात. ४५० भागिले १०४ केलं की रोजचे जवळपास साडेचार तास होतात. ६०० ला भागलं की पावणेसहा. हा फक्त वर्गातला वेळ, घरचा अभ्यास वेगळा. पोळा, दिवाळी, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, एकही सुट्टी न घेता. अशक्य नाही, पण मग तो पूर्ण वेळ निवासी वर्ग हवा. संध्याकाळी दीड-दोन तासांच्या बॅचमध्ये हेच काम साधारण नऊ महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत जातं. म्हणून फी विचारण्याआधी विचारा: एकूण तास किती? उत्तर महिन्यांत आलं तर पुन्हा विचारा, तास किती?

दुसरा प्रश्न परीक्षेचा. क्लासने स्वतः दिलेलं ‘कोर्स कम्प्लिशन’ प्रमाणपत्र व्हिसासाठी कामाचं नाही. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य संस्थांचीच परीक्षा द्यावी लागते. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि पास व्हायला ६० टक्के लागतात. गोएथेच्या बी-१ आणि बी-२ ला हे चार भाग सुटे देता येतात. एकात नापास झालात तर तेवढाच पुन्हा. हे माहीत नसल्यामुळे पुन्हा पूर्ण फी भरणारे लोक आहेत. बुलढाण्याहून पुणे म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, त्यामुळे परीक्षेच्या फीसोबत जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्चही आधीच धरून ठेवा.

मराठी येणाऱ्यांना जर्मन अवघड का सोपी?

हा भाग कुठल्याच जाहिरातीत नसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. मराठी माणूस जर्मनच्या बाबतीत बराच नशीबवान आहे.

जर्मनमध्ये नामाची तीन लिंगं आहेत: डेर, डी, डास. इंग्रजीतून येणाऱ्याला हे डोकेदुखीचं वाटतं. हिंदीत दोनच लिंगं. आपल्याकडे तो, ती, ते लहानपणापासून आहे. अर्थात कोणत्या शब्दाला कोणतं लिंग हे पाठच करावं लागतं. आपला चमचा आणि काटा ‘तो’, सुरी ‘ती’. त्यांच्याकडे चमचा ‘डेर’, काटा ‘डी’ आणि सुरी ‘डास’. पण निर्जीव वस्तूला लिंग का असतं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, आणि निम्मी लढाई तिथे जिंकलेली असते.

आकडेही तसेच. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, वीस नंतर. जर्मनमध्ये ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’, पाच आणि वीस. इंग्रजीच्या सवयीने लोक इथे वर्षभर गोंधळतात. वाक्यरचनेचा एक नमुना पाहा: ‘वाइल एर क्रांक इस्ट’. वाइल म्हणजे कारण, एर म्हणजे तो, क्रांक म्हणजे आजारी, इस्ट म्हणजे आहे. कारण तो आजारी आहे. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने! अशा जोडवाक्यांत क्रियापद शेवटी जातं आणि मराठी डोक्याला ते घरचंच वाटतं. तू आणि तुम्हीचा भेदही आहे: ‘डू’ आणि ‘झी’. साहेबाला पहिल्याच दिवशी अरे-तुरे करायचं नसतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

मग अडतं कुठे? पुस्तक जर्मनमध्ये असतं आणि बरेच शिक्षक ते इंग्रजीतून समजावतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला आधी इंग्रजी उलगडावी लागते, मग जर्मन. दोन दारं, आणि पहिलंच जड. जिल्ह्यात वर्ग सुरू करायचे तर मराठीतून समजावणारा शिक्षक ही पहिली अट असायला हवी, असं माझं मत आहे. तसा अनुभव महाराष्ट्रात आहे. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेसोबत ‘माय मराठी’ हा प्रकल्प केला आणि परकी भाषा शिकवण्याच्या पद्धतीने अमराठी लोकांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली. दोन्ही भाषांचे सांधे माहीत असलेली माणसं आपल्याकडे आहेत.

(जाता जाता: जिनिंगवर, वीटभट्ट्यांवर, हॉटेलांत परप्रांतातून कामाला आलेल्या माणसांना आपण मराठी कुठे शिकवतो? ‘मराठी बोल’ म्हणणं सोपं. तालुक्याच्या गावात संध्याकाळचा मराठी वर्ग मला तरी कुठे दिसलेला नाही.)

आणखी एक धक्का तिथे पोचल्यावर बसतो. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या मोठ्या भागात श्वेबिश बोलली जाते. पुण्याची पुस्तकी मराठी शिकून आलेला माणूस आपल्या बाजारात वऱ्हाडी ऐकून जसा गांगरेल, तसंच. पुस्तकात काम करणे म्हणजे ‘आर्बायटेन’, तिथल्या साइटवर ‘शाफे’. नाही म्हणायला ‘निश्ट’ शिकून जाल, ऐकू येईल ‘नेट’. वेळेचं तर मजेशीर आहे. ‘हाल्ब ड्राय’ शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे आपले अडीच. इंग्रजी डोक्याने ऐकणारा साडेतीनला पोचतो आणि मुकादमाची बोलणी खातो. तिकडचे लोक पावणेतीनला ‘ड्रायफिर्टेल ड्राय’ म्हणतात. पाऊणकी, अडीचकीचे पाढे ऐकलेल्या घरात हे समजावं लागणार नाही.

पैसे भरण्याआधी

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर आहे आणि ती मोबाइलवर दोन मिनिटांत पाहता येते. असा एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. ही मर्यादा भरतीच्या शुल्काला आहे, भाषेच्या क्लासच्या फीला नाही. म्हणून पाच लाखांचं ‘पॅकेज’ सांगितलं जातं तेव्हा त्यातले किती क्लासचे, किती परीक्षेचे, किती कागदपत्रांच्या भाषांतराचे, किती भरतीचे, हे वेगवेगळं लिहून घ्या. नोंदणी नसलेला क्लासवाला ‘मी फक्त भाषा शिकवतो’ म्हणत नोकरीही लावून देत असेल, तर तो भरतीच करतो आहे.

परिचारिकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. जर्मनीत परदेशी नर्सेसच्या भरतीसाठी ‘न्याय्य भरती’चं एक सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे. ते घेतलेल्या संस्थांना भरतीचा खर्च मालकाकडून घ्यावा लागतो, उमेदवाराकडून नाही, आणि भाषाशिक्षणाचा खर्चही त्यातच धरतात. म्हणजे एकीकडे जमीन गहाण ठेवून बी-२ शिकणारी मुलगी आणि दुसरीकडे त्याच दर्जाच्या दवाखान्यात मालकाच्या पैशाने शिकून गेलेली मुलगी, दोन्ही शक्य आहे. फरक फक्त माहितीचा.

तिथे पोचल्यावर वर्ग मिळतो का?

मिळतो, पण सगळ्यांना नाही. नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत राहायला दीर्घ मुदतीचा पहिला निवास परवाना मिळालेल्यांना इंटिग्रेशन कोर्सचा हक्क असतो. विद्यापीठात शिकणाऱ्यांना आणि आउसबिल्डुंगवाल्यांना तो नाही. ज्यांना पुरेशी जर्मन येतेच त्यांनाही भाषेच्या वर्गाचा हक्क नसतो. उच्चशिक्षित आणि नोकरीला लागलेल्या माणसाला ‘तुम्हाला गरज कमी’ असं सांगितलं जाऊ शकतं, हे इंजिनीअर मंडळींनी लक्षात ठेवावं. हक्क नसेल तर वर्गात जागा मिळेलच असं नाही.

वर्ग पूर्ण मोफतही नाही. तासिकेला २.२९ युरो भरावे लागतात, ७०० तासिकांचे १,६०३ युरो होतात. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना अर्ज करून माफी मिळू शकते. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आणि घरी असलेल्या बायकांसाठी खरं तर ही सोय सर्वात मोलाची आहे. ए-१ वर जाऊन तिथे बी-१ करता येतं. पुढच्या कागदांनाही तेच लागतं. ब्लू कार्डवाल्याला कायम निवास २७ महिन्यांनी ए-१ वर मिळू शकतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांतच. नागरिकत्वाला बी-१ आणि पाच वर्षांचा निवास लागतो. तीन वर्षांत नागरिकत्व देणारा वेगवान मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाला.

इंटिग्रेशन कोर्सचा हा हक्क निवास परवाना मिळाल्यापासून एका वर्षात वापरावा लागतो. नंतर तो संपतो. पहिल्या वर्षी घर शोधणं, बँक, विमा, नवी नोकरी यात दिवस कसे जातात ते कळत नाही. म्हणून परवान्याचं कार्ड हातात पडेल त्याच दिवशी त्याच कार्यालयात कोर्सच्या पात्रता पत्राबद्दलही विचारा.